मोबाइल ॲपमधील 'स्क्रीन व्ह्यू' : मोजणी, नामकरण आणि खासगीपणा

मोबाइल ॲप वापरताना एका स्क्रीनवरून दुसरीवर जाणे ही वापरकर्त्याच्या लेखी क्षणभराची क्रिया असते. तिची आठवणही पुढे राहत नाही. ॲप चालवणाऱ्यांच्या लेखी मात्र तो नोंदवून ठेवण्याजोगा प्रसंग असतो. कोणती स्क्रीन उघडली, तिच्या आधी कोणती समोर होती आणि ती किती वेळ समोर राहिली, हे सांगणाऱ्या नोंदीला ॲप-विश्लेषणाच्या परिभाषेत 'स्क्रीन व्ह्यू' म्हणतात. कोणत्या सोयी लोकांना हव्या आहेत, कोठे येऊन ते थांबतात, कोणता अर्ज अर्धवट सोडून जातात, याविषयीचे निष्कर्ष बव्हंशी याच नोंदींवर उभे असतात. बँका, प्रवासी वाहतूक, रुग्णालये, शिकवण्या आणि आता शासकीय सेवा असे सारेच व्यवहार ॲपमधून होऊ लागल्यामुळे ही नोंद कशी होते आणि ती आपल्याविषयी काय सांगते, हे जाणणे केवळ तंत्रज्ञांपुरते उरलेले नाही.

या मोजणीचे मूळ संकेतस्थळांच्या मोजणीत आहे. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता असतो. वाचकाने पान उघडले की ते पान देणाऱ्या सर्व्हरकडे मागणी जाते आणि मागणीची नोंद तेथे आपोआप उमटते. गूगलने २००५ साली 'अर्चिन' ही कंपनी विकत घेऊन त्याच वर्षी 'गूगल ॲनालिटिक्स' सुरू केले, तेव्हा 'पेज व्ह्यू' हे मोजमाप रूढ होतेच. २००८ मध्ये ॲपलचे 'ॲप स्टोअर' आणि अँड्रॉइडची ॲपपेठ सुरू झाली आणि प्रश्न बदलला. ॲपमधील स्क्रीनला संकेतस्थळाच्या पानासारखा पत्ता असायलाच हवा असे नाही. ती फोनवरच रेखाटली जाते आणि अनेकदा सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो, दोन्ही अर्थांनी. म्हणून ॲपच्या आतूनच कोणीतरी सांगावे लागते की, आता अमुक नावाची स्क्रीन समोर आली आहे. हे 'नाव' कोणी ठेवले आणि कसे ठेवले, यावर मोजणीचा खरेपणा अवलंबून असतो. पुढे दिसेल त्याप्रमाणे वापरकर्त्याचा खासगीपणाही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असतो.

प्रारंभीच्या काळात हे सांगण्याचे काम तयार मालाप्रमाणे पुरवणाऱ्या कंपन्या उदयास आल्या. ॲपकर्त्याने आपल्या ॲपमध्ये त्यांचा छोटासा कोड बसवायचा आणि नोंदी त्यांच्या सर्व्हरवर जमा व्हायच्या. २००५ साली स्थापन झालेली 'फ्लरी' ही त्यांतली आघाडीची कंपनी. ती पुढे २०१४ मध्ये याहूने घेतली. तिच्या संदर्भातील २०१० सालचा एक प्रसंग या तंत्राची ताकद दाखवतो. ॲपलने आयपॅडची घोषणा करण्यापूर्वीच फ्लरीने जाहीर करून टाकले की, ॲपलच्या कूपर्टिनो येथील आवारात टॅब्लेटसारखी सुमारे पन्नास उपकरणे वापरात असल्याचे आपल्या नोंदींवरून दिसते. कोणी हेरगिरी केली नव्हती. ॲपलच्याच अभियंत्यांनी चाचणीसाठी बाजारातील साधी ॲप त्या उपकरणांवर उघडली होती आणि त्या ॲपमधील मोजणीच्या कोडने आपले नित्याचे काम केले होते. स्टीव्ह जॉब्स यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये एका परिषदेत याविषयी जाहीर संताप व्यक्त केला. गुप्तता जपण्यात जगात पहिल्या क्रमांकाची म्हणावी अशा कंपनीलाही आपल्या फोनमधून काय बाहेर जाते याचा अंदाज आला नव्हता, तर सामान्य ग्राहकाची काय कथा!

आज या कामासाठी सर्वत्र आढळणारे साधन म्हणजे गूगलचे 'फायरबेस'. गूगलने ही कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात तिच्यात विश्लेषणाची सोय जोडली. त्यातील 'स्क्रीन व्ह्यू' ही नोंद काही प्रमाणात आपोआप होते. अँड्रॉइडवर 'ॲक्टिव्हिटी' आणि आयफोनवर 'व्ह्यू कंट्रोलर' हे स्क्रीनचे मूळ घटक. एका घटकावरून दुसऱ्यावर संक्रमण झाले आणि स्क्रीनचे नाव, तिच्या वर्गाचे नाव वा तिचा अंतर्गत क्रमांक यांपैकी एक जरी आधीहून वेगळे असले, किंवा आधी कोणतीच स्क्रीन नोंदलेली नसली, तर नवी नोंद केली जाते. नोंदीसोबत आधीच्या स्क्रीनची माहिती आणि व्यतीत झालेला वेळ मिलिसेकंदांत जातो. ॲपकर्त्याला ही स्वयंचलित नोंद बंद ठेवता येते आणि हवी ती स्क्रीन हव्या त्या नावाने स्वतः नोंदवता येते.

स्वयंचलित नोंदीवर विसंबून राहण्याचा काळ मात्र सरला आहे. पूर्वी अँड्रॉइड ॲपमधील प्रत्येक स्क्रीन ही बहुधा स्वतंत्र ॲक्टिव्हिटी असे. २०१८ पासून स्वतः गूगलच एका ॲक्टिव्हिटीतच सगळे ॲप बांधण्याचा सल्ला देऊ लागले. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, जेटपॅक कंपोज या आजच्या बांधणी-पद्धतींत एकाच चौकटीत सगळी दृश्ये बदलत राहतात. परिणामी अहवालात 'मेनॲक्टिव्हिटी' नावाची एकच स्क्रीन लाखो वेळा पाहिली गेली, असे दिसते. आयफोनवर स्विफ्टयूआयमध्ये बांधलेल्या ॲपची गत याहून फार वेगळी नाही. घराच्या दारावर माणसे मोजावीत आणि ती स्वयंपाकघरात गेली की देवघरात, हे कळू नये, तसा हा प्रकार. अनेक लहान कंपन्यांच्या विश्लेषण-फलकावर हीच स्थिती असते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण आकडे तर दिसत असतात.

हे नीट समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोव्यातून महाकालेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या अनेकांना उज्जैनचा फ्रीगंज भाग ठाऊक असेल. जुन्या शहरापासून रेल्वेमार्गाने विभागलेला, शिंदे सरकारच्या राजवटीत आखून वसवलेला, टॉवर चौकाभोवतीचा हा व्यापारी भाग. तेथील दोन-तीन तरुणांनी यात्रेकरूंसाठी खोल्या आरक्षित करण्याचे ॲप तयार केले, असे समजू. त्यात सात स्क्रीन आहेत : सुरुवातीची, शोधाची, खोल्यांच्या यादीची, एका खोलीच्या तपशिलाची, पाहुण्यांची माहिती भरण्याची, पैसे भरण्याची आणि पावतीची. ॲप फ्लटरमध्ये बांधले आहे, म्हणून त्यांनी प्रत्येक स्क्रीनला स्वतः नाव द्यायचे ठरवले.

पहिला मोह असा होतो की, स्क्रीनच्या शीर्षकात जे दिसते तेच नाव द्यावे. पण ॲप हिंदी, मराठी आणि इंग्रजीत असेल तर एकाच स्क्रीनची तीन नावे होतात आणि गोव्याच्या कुटुंबाने मराठीत पाहिलेली यादी व इंदूरच्या ग्राहकाने हिंदीत पाहिलेली यादी या अहवालात दोन निराळ्या स्क्रीन ठरतात. दुसरा मोह प्रत्येक खोलीला स्वतंत्र नाव देण्याचा. चारशे धर्मशाळा आणि लॉजमधील हजारो खोल्या म्हणजे स्क्रीनची हजारो नावे. गूगल ॲनालिटिक्समध्ये एखाद्या रकान्यात दिवसाला पाचशेहून अधिक वेगळी मूल्ये आली की तो रकाना अतिविस्तृत मानला जातो आणि कमी आढळणारी मूल्ये 'इतर' या एकाच ओळीत लोटली जाण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे सर्वांत बारीक माहिती हवी म्हणून केलेली धडपड बारीक माहितीच पुसून टाकते. उचित मार्ग असा की, स्क्रीनचे नाव एकच स्थिर ठेवावे, 'खोली तपशील'. आणि खोलीचा क्रमांक, भाषा, दराचा गट या गोष्टी त्या नोंदीच्या जोडमाहितीत द्याव्यात. नावांची यादी एका ठिकाणी लिहून ठेवावी आणि नवी स्क्रीन आली की आधी तिचे नाव यादीत यावे, नंतर कोडमध्ये. ऐकायला कारकुनी वाटते, पण मोजणीचे निम्मे बिघाड या कारकुनीच्या अभावातून होतात, असे माझे मत आहे.

नावे नीट असली तरी आकडा वाचणे हे वेगळेच कौशल्य आहे. समजा, एका दिवशी 'खोली तपशील' एक हजार वेळा पाहिली गेली, 'पाहुण्यांची माहिती' एकशे ऐंशी वेळा आणि 'पैसे भरणे' साठ वेळा. घाईने पाहणारा म्हणेल, हजारांतून साठच लोक पुढे आले. परंतु हजार ही माणसे नव्हेत, ते हजार प्रसंग आहेत. खोली निवडताना माणूस यादीतून तपशिलात जातो, मागे येतो, पुन्हा दुसरी पाहतो, घरच्यांना विचारतो, पुन्हा पहिलीकडे येतो. दोनशे माणसांनी प्रत्येकी पाच वेळा पाहिले तरी हजार होतात. तेव्हा खरी गळती तपशिलाच्या स्क्रीनवर नसून पाहुण्यांची माहिती भरताना आहे. कदाचित प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राचे छायाचित्र मागितल्यामुळे लोक तेथे कंटाळत असतील. चुकीच्या स्क्रीनला दोष दिला तर मालक खोल्यांची छायाचित्रे बदलत बसेल आणि अर्ज जसाच्या तसा राहील.

पैसे भरण्याच्या स्क्रीनवर आणखी एक गफलत होते. ग्राहक तेथून यूपीआयच्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो आणि परत येतो. कोणी ओटीपीचा संदेश पाहायला जातो. स्क्रीन पुन्हा समोर येताच जो टप्पा चालतो, त्या टप्प्यावर नोंदीचा कोड लिहिला असेल तर प्रत्येक परतीला नवा 'स्क्रीन व्ह्यू' उमटतो. ग्राहक एकदाच आला, अहवालात तो तीनदा दिसतो. याउलट, खालून वर सरकणारा पट, सूचनेची चौकट, एकाच स्क्रीनवरील टॅब या गोष्टी स्वयंचलित मोजणीत बहुधा निसटतात; ग्राहकाच्या डोळ्यांपुढे मात्र पूर्ण नवे दृश्य आलेले असते. कोणत्या दृश्याला स्क्रीन मानायचे याचा कोणताही सार्वत्रिक नियम नाही. ज्या दृश्यावर माणूस काही निर्णय घेतो ते मोजावे, हा व्यवहारात उपयोगी पडणारा निकष.

वेळेच्या बाबतीतही सावधगिरी हवी. फायरबेस प्रत्येक नोंद तत्काळ पाठवत नाही. बॅटरी आणि डेटा वाचावा म्हणून साधारण तासाभराच्या नोंदी एकत्र करून पाठवल्या जातात. फोनला जाळेच नसेल तर त्या फोनवर साठून राहतात आणि बहात्तर तासांपर्यंत उशिरा आलेल्या नोंदीच विचारात घेतल्या जातात. सिंहस्थासारख्या पर्वात, जो २०१६ नंतर आता २०२८ मध्ये उज्जैनला भरणार आहे, क्षिप्रेच्या घाटावर लाखोंच्या गर्दीत मोबाइल जाळे कोलमडले तर त्या काळातील नोंदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. सायंकाळचा अहवाल पाहून 'आज ॲप कोणी वापरलेच नाही' असे म्हणणारा व्यवस्थापक नेमका सर्वाधिक वापराच्या दिवशी चुकतो. तसेच, अर्ध्या तासाहून अधिक काळ ॲप न वापरता परत उघडले की ते नवे सत्र मानले जाते. दर्शनाच्या रांगेत तीन तास उभा राहिलेला यात्रेकरू त्यामुळे एकाच दिवशी अनेक सत्रांत विभागला जातो.

आतापर्यंतचा विचार मोजणाऱ्याच्या बाजूचा झाला. मोजल्या जाणाऱ्याची बाजू याहून गंभीर आहे.

स्क्रीनचे नाव हे दिसायला निरुपद्रवी असते. पण गर्भावस्था, कर्ज, मानसिक आरोग्य, धर्म, राजकीय पक्ष यांच्याशी संबंधित ॲपमध्ये 'कोणती स्क्रीन पाहिली' हेच माणसाविषयीचे गुपित असते. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' या ॲपविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ साली जी तक्रार जाहीर केली, तिचा गाभा हाच होता. ॲपमधील घटनांना दिलेल्या नावांत गर्भधारणेचा थेट उल्लेख होता आणि ती नावे फेसबुक, गूगल, फ्लरी आदी बाहेरच्या विश्लेषण-सेवांकडे जात होती. कोणी कोणाचा वैद्यकीय अहवाल चोरला नव्हता. निव्वळ नोंदीला अर्थवाही नाव दिल्याने अहवाल बाहेर गेल्यासारखेच झाले. वर सांगितलेल्या शिस्तीनुसार स्पष्ट, अर्थपूर्ण नावे ठेवावीत, हा सल्ला अशा ॲपमध्ये उलटा लागू पडतो : नाव जितके स्पष्ट, तितकी गळती मोठी. तेथे सांकेतिक नावे ठेवून त्यांचा अर्थ कंपनीच्या आत राखणे, किंवा त्या स्क्रीन बाहेरच्या सेवेला मुळीच न कळवणे, हेच योग्य.

नोंदीच्या पुढची पायरी म्हणजे स्क्रीनचे चित्रीकरण. काही सेवा वापरकर्त्याचे बोट कोठे लागले, काय टंकले, स्क्रीनवर काय दिसले, हे सारे चित्रफितीप्रमाणे पुन्हा पाहण्याची सोय देतात. 'टेकक्रंच'ने २०१९ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार 'ग्लासबॉक्स' या सेवेच्या आधारे काही नामांकित कंपन्यांची आयफोन ॲप असे करत होती. एअर कॅनडाच्या ॲपमध्ये संवेदनशील रकाने झाकण्याची व्यवस्था नीट चालत नव्हती आणि पारपत्र क्रमांक व कार्डाचा तपशील चित्रीकरणात उघडा पडत होता. दुसऱ्याच दिवशी ॲपलने भूमिका घेतली की, स्पष्ट संमती घ्या आणि चित्रीकरण चालू असल्याचे दिसेल असे दाखवा, नाहीतर हा कोड काढा.

आपल्याकडचे सर्वाधिक गाजलेले प्रकरण मार्च २०१८ मधील आहे आणि त्याचा एक धागा मुंबईत येतो. पंतप्रधानांच्या नावाच्या 'नमो' ॲपमधून वापरकर्त्यांची व्यक्तिगत माहिती आणि उपकरणाचा तपशील संमतीविना एका तिसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर जातो, असे 'एलियट आल्डरसन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच सुरक्षा-संशोधकाने दाखवले. तो पत्ता 'क्लेव्हरटॅप' या विश्लेषण-कंपनीचा होता. सुनील थॉमस, आनंद जैन आणि सुरेश कोंडामुडी यांनी २०१३ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही कंपनी ॲपच्या वापराचे मोजमाप आणि सूचनांची व्यवस्था पुरवते. भारतीय जनता पक्षाचे म्हणणे असे होते की, माहिती केवळ विश्लेषणासाठी वापरली जाते, जसे गूगल ॲनालिटिक्समध्ये होते. ॲपचे खासगीपणाविषयीचे धोरण मात्र त्या दिवसांत बदलण्यात आले. त्याच संशोधकाने काँग्रेसच्या ॲपमधील सदोष सुरक्षेकडेही बोट दाखवले आणि ते ॲप प्ले स्टोअरवरून काढून घेण्यात आले. राजकीय धुरळा बाजूला ठेवला तर प्रश्न तांत्रिक आणि साधा उरतो. विश्लेषणासाठी बाहेरची सेवा वापरणे हा सर्वमान्य प्रघात आहे. परंतु मोजणीसाठी स्क्रीनचे नाव पुरते, माणसाचे नाव आणि ईमेल लागत नाही. गूगलच्या स्वतःच्या अटींतही व्यक्तीची थेट ओळख पटवणारी माहिती विश्लेषणात पाठवण्यास मनाई आहे. अनेक ॲप ती पाळत नाहीत, बऱ्याचदा हेतूने नव्हे तर निष्काळजीपणाने. स्क्रीनच्या नावातच ग्राहकाचा फोन क्रमांक जोडणारे कोड लिहिले जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्यानंतर सहा वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे हा कायदा म्हणतो. संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे. गोव्याच्या वाचकाला यात विशेष रस असावा, कारण मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषा त्या परिशिष्टात आहेत. आज बहुसंख्य ॲप इंग्रजीतील लांबलचक मजकुराखाली 'मान्य' असे बटण ठेवतात. त्यांना हे बदलावे लागेल.

ॲपकर्त्यांचे पुरेसे लक्ष न गेलेली तरतूद मुलांविषयीची आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीचा माग ठेवणे, तिच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि तिला उद्देशून जाहिराती दाखवणे यांस कायदा मनाई करतो. काही वर्गांना नियमांनी सूट दिली आहे. मुलांविषयीच्या कर्तव्यभंगासाठी दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये, तर माहितीची पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपये आहे. फ्रीगंजच्या आपल्या काल्पनिक ॲपला कदाचित हे लांबचे वाटेल. पण शाळेच्या बसचा ठावठिकाणा दाखवणारे, शिकवणीचे धडे देणारे, मुलांच्या खेळांचे प्रत्येक ॲप स्क्रीन मोजतच असते. ती मोजणी नुसती गणना आहे की पाळत, हे नोंदीला कोणती ओळख जोडली आहे त्यावर ठरेल.

वापरकर्त्याच्या हाती काय आहे? आयफोनवर २०२१ पासून 'ॲपला माग ठेवू द्यायचा का' अशी विचारणा येते. पुष्कळांचा समज असा की, नकार दिला की मोजणी थांबते. तसे नाही. त्या नकाराने इतर कंपन्यांच्या ॲप व संकेतस्थळांवरील माहितीशी तुमची सांगड घालणे रोखले जाते. ॲपने स्वतःच्या स्क्रीन स्वतःपुरत्या मोजणे चालूच राहते. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींसाठीचा ओळख-क्रमांक पुसता येतो, त्याचा परिणामही इतकाच मर्यादित. ॲपच्या आतच 'वापराची माहिती पाठवा' किंवा तत्सम पर्याय असेल तर तो बंद करणे हा अधिक परिणामकारक उपाय. अनेक बँकिंग आणि वाचनाच्या ॲपमध्ये तो 'खासगीपणा' किंवा 'माझ्याविषयी' या विभागात तळाशी सापडतो. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या माहितीत 'डेटा सेफ्टी' नावाचा भाग असतो. त्यात 'ॲपमधील कृती' या शीर्षकाखाली काय गोळा केले जाते आणि ते कोणाला दिले जाते, हे ॲपकर्त्याने स्वतः जाहीर केलेले असते. आरोग्याचे, कर्जाचे किंवा मुलांसाठीचे ॲप उतरवून घेण्यापूर्वी हा भाग उघडून पाहायला अर्धे मिनिट पुरते, आणि तेथे विश्लेषणाखेरीज 'जाहिरात' हे कारण लिहिलेले आढळले तर त्या ॲपमध्ये काय भरायचे याचा विचार आधी करता येतो.